तीनशेच्या जागी पाचशे

मी एक जुनी रायफल आहे. तुम्ही आत्ता ज्या काचेच्या कपाटासमोर उभे आहात, त्यातल्या खालच्या कप्प्यात दोन लाकडी खुंट्यांवर मी आडवी ठेवलेली आहे. माझ्या नळीत शिसं ओतून ती बंद केली आहे. मित्रांनो, घाबरू नका. माझ्याकडून आता कोणालाही काही होणार नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे एकाच दिवशी माझ्यासारख्या चाळीस जणी तयार होत. एका यंत्राने माझी नळी कोरली, एका सुताराने अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता घासून गुळगुळीत केला, आणि एका बाईंनी माझ्या अंगावर आकडे ठोकले. त्या बाई दिवसभर आकडेच ठोकत असत. माझ्यावर ठोकताना त्यांना शिंक आली, म्हणून माझ्यावरचा सात जरा तिरका आहे. वाकून पाहिलंत तर दिसेल.

पण नुसती तयार झालेली रायफल कामाची नसते. तिची गोळी नेम धरला तिथेच जाते की नाही, हे बघावं लागतं. त्याला आमच्याकडे ‘झिरो करणं’ म्हणतात. मला झिरो केलं ते आमच्या तुकडीच्या आर्मोररने. आर्मोरर म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा माणूस. वयाने तो सगळ्यांपेक्षा मोठा होता, जाड भिंगांचा चष्मा लावायचा आणि सगळे त्याला ‘काका’ म्हणायचे.

माझ्या नळीच्या टोकाला एक बारीक लोखंडी कणी आहे. तिला माशी म्हणतात. मागे, डोळ्याजवळ, एक पोलादी पट्टी आहे. तिच्या टोकाला खाच आहे आणि अंगावर आकडे आहेत. एक म्हणजे शंभर मीटर, दोन म्हणजे दोनशे, असे आठपर्यंत. पट्टीवर एक कडी पुढेमागे सरकते आणि आकड्यावर आली की ‘खट’ असा आवाज करून बसते. खाचेतून माशी दिसली पाहिजे आणि माशीच्या डोक्यावर निशाण. माझी दृष्टी एवढीच.

काकांनी मला वाळूच्या पोत्यांवर टेकवलं आणि शंभर मीटरवरच्या कागदावर पाच गोळ्या सोडल्या. पाचही गोळ्या एकमेकींच्या जवळ बसल्या, पण निशाणाच्या खाली आणि चार बोटं उजवीकडे. काकांनी पितळेची छोटी हातोडी घेतली आणि माशी उजवीकडे ठोकली.

शेजारी उभा असलेला एक नवा शिपाई म्हणाला, “काका, उलटं करताय. गोळी उजवीकडे जातेय, मग माशी डावीकडे नको का?”

“सगळ्यांना तसंच वाटतं,” काका म्हणाले. “गोळी जिकडे चुकते तिकडेच माशीला ढकलायचं. मग नेम धरणारा आपोआप नळी दुसरीकडे वळवतो. एकदा करून बघ, नाहीतर जन्मभर वाद घालत बसशील.”

मग त्यांनी माशी काढून थोडी बुटकी माशी बसवली, म्हणजे गोळी वर चढावी. पुन्हा पाच गोळ्या. पुन्हा हातोडीचा एक हलका टोला. तिसऱ्या खेपेला पाचही भोकं एका बशीखाली झाकतील अशी बसली, अगदी मधोमध. त्यानंतर काका मला दोनशेवर, तीनशेवर, चारशेवर आणि पाचशेवर घेऊन गेले. प्रत्येक ठिकाणी त्यांनी कडी त्या त्या आकड्यावर नेली आणि माझी परीक्षा घेतली.

“गोळी नळीतून सुटली की पडायलाच लागते,” ते त्या शिपायाला म्हणाले. “जितकं लांब, तितकी जास्त पडते. म्हणून लांबच्यासाठी नळीचं तोंड वर उचलावं लागतं. किती उचलायचं ते ही पट्टी सांगते. जवळच्या माणसावर लांबचा आकडा ठेवलास, तर गोळी त्याच्या डोक्यावरून जाईल.”

त्यांनी माझ्या कार्डावर लिहिलं: ‘सर्व अंतरांवर बिनचूक.’ ते कार्ड माझ्याबरोबर सगळीकडे जायचं. मला त्या तीन शब्दांचा फार अभिमान होता.

तो नवा शिपाई म्हणजेच माझा मालक. लढाईआधी तो शिंपी होता, म्हणून त्याचं नावच शिंपी पडलं. बोटं लांब, हात स्थिर, श्वास संथ. सुईत दोरा ओवताना जसा श्वास धरायचा, तसाच तो चाप ओढताना धरायचा. महिन्याभरात तो तुकडीतला सगळ्यात चांगला नेमबाज झाला. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली आणि माझ्या दस्त्यावरही एक थाप मारली. मित्रांनो, तेव्हा मला खूप बरं वाटलं होतं. बरं वाटणं काय असतं, ते मला तेव्हा कळत होतं.

मग आम्हाला एका डोंगराच्या पायथ्याशी नेलं. समोरच्या उतारावर दुसऱ्या बाजूच्या लोकांचं ठाणं होतं. तिथे त्यांची मशिनगन होती. ठाण्यात पाणी नव्हतं. त्यांची विहीर खाली होती, ठाण्याच्या आणि आमच्या मधे, आमच्यापासून बरोबर तीनशे मीटरवर. रोज सकाळी ऊन विहिरीवर पडलं की त्यांचा एक पाणक्या दोन डबे घेऊन उतरायचा, भरायचा आणि वर चढायचा. ती विहीर आमच्या बाजूला दोन खडकांच्या फटीतूनच दिसायची, आणि त्या फटीत एकच माणूस मावायचा.

आमचे साहेब तरुण होते. आवाज चढवून ते कधी बोलत नसत. त्यांनी शिंप्याला बोलावलं. “वर हल्ला करायचा तर आपली निम्मी माणसं जातील. पाणी बंद झालं तर ते आपण होऊन ठाणं सोडतील. पाणक्याला टिपायचं. तुझ्यावर सोपवतो.”

“होय साहेब,” शिंपी म्हणाला.

त्या दिवशी त्याने आधी साहेबांची दुर्बीण मागून घेतली आणि पाणक्याला नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग दुर्बीण परत देऊन मला उचललं. त्याने कडी सरकवली. एक, दोन, तीन. तिथे ती थांबायला हवी होती. पण ती पुढे गेली. चार. पाच. खट. मग त्याने पाणक्याच्या छातीवर नेम धरला आणि चाप ओढला.

गोळी दोन हात वर गेली. पाणक्याच्या डोक्यावरून जाऊन मागच्या उतारावर आपटली. धुळीचा लोट उठला. पाणक्या विहिरीच्या कठड्यामागे झोपला. वरून मशिनगन कडाडली आणि शिंपी मला घेऊन खडकाखाली दडला. थोड्या वेळाने पाणक्या डबे घेऊन सरपटत निघून गेला.

“वरून गेली,” साहेब म्हणाले. “उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. दर वेळी नेम छातीवर, कडी पाचावर आणि गोळी डोक्यावरून. दर वेळी गोळी सुटल्याबरोबर शिंपी अंगठ्याने कडी मागे तिनावर आणून ठेवायचा, म्हणजे कुणी पाहिलं तरी काही दिसू नये.

मला त्याचा राग यायचा. मी चुकणारी रायफल नव्हते. माझ्या कार्डावर तसं लिहिलेलं होतं.

आमच्या तुकडीत एक आचारी होता. जाडजूड, घाम पुसत हसणारा. त्याची पँट शिंप्याने कमरेत दोनदा सैल करून दिली होती, आणि सगळे म्हणायचे की आचाऱ्याची कंबर वाढतेय आणि आपलं जेवण घटतंय. तो रोज सकाळी चहाची किटली घेऊन खडकांपर्यंत यायचा. तिसऱ्या दिवशी तो शिंप्याशेजारी टेकला आणि म्हणाला, “काय रे, तुझ्या हातून टाका चुकत नाही, मग गोळी कशी चुकते?”

शिंपी चहा पीत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, “त्या पाणक्याच्या कोटाच्या बाह्या दुर्बिणीतून पाहिल्या मी. चार बोटं लांब आहेत. दुसऱ्या कुणाचा तरी कोट घातलाय त्याने. डबा उचलताना दर वेळी बाही आधी मागे सारतो.”

“मग?”

“मग काही नाही. दिसलं म्हणून सांगितलं.”

आचाऱ्याने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. त्याला कळलं असावं. तो उठताना एवढंच म्हणाला, “कप दे इकडे. आणि जपून राहा.”

चौथ्या दिवशी साहेबांनी मला दुरुस्तीला पाठवलं. शिंपी मला घेऊन मागच्या तळावर काकांकडे गेला. काकांनी मला पोत्यांवर टेकवलं आणि तीनशे मीटरवर पाच गोळ्या सोडल्या. पाचही मधोमध. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझी पट्टी डोळ्याजवळ धरली. पाचाच्या खोबणीवरचा काळा रंग नव्याने घासून उडाला होता. तिथलं पोलाद चकाकत होतं.

“काका, रायफलीत दोष आहे का?” शिंप्याने विचारलं.

“रायफलीत नाही.”

बाहेर कुणीतरी पत्र्यावर काहीतरी ठोकत होतं. तो आवाज थांबेपर्यंत काका वाट बघत राहिले.

“पोरा, कोण आहे तो?”

“कोणी नाही. पाणी भरणारा आहे.”

काकांनी माझं कार्ड काढलं आणि लिहिलं: ‘माशी सैल होती. घट्ट केली.’ मग पेन खिशाला लावत ते म्हणाले, “एकदा मी दोष रायफलीवर ढकलला. आता ती दुरुस्त झाली, असं साहेबांना कळेल. यापुढे गोळी वर गेली तर दोष तुझ्यावर येईल. तेव्हा माझ्याकडे येऊ नकोस. मी काही करू शकणार नाही.”

माझी माशी कधीच सैल नव्हती. पण ते शाईने लिहिलं गेलं. मित्रांनो, तुमच्यावर कधी खोटा आळ आला असेल, तर मला काय झालं असेल ते तुम्ही समजू शकाल.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा फटीत होतो. पाणक्या खाली आला. शिंप्याने कडी सरकवली. तिनावर थांबला. मग चारावर नेली. मग पाचावर. गोळी डोक्यावरून गेली. वरून मशिनगन कडाडली.

आचारी त्याच वेळी किटली घेऊन येत होता. रोज तो मशिनगन थांबल्यावर यायचा. त्या दिवशी जरा लवकर निघाला. का, ते कुणालाच कळलं नाही. तो खडकांपासून दहा पावलांवर पडला. किटली उताराने गडगडत आमच्यापर्यंत आली आणि शिंप्याच्या बुटाला लागून थांबली. तिच्यातला चहा अजून गरम होता, वाफ येत होती.

आचाऱ्याला मागे नेलं, तेव्हा साहेब शिंप्याजवळ उभे होते. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “पाणी आहे तोवर ते तिथेच राहणार.” आणि निघून गेले.

त्या दिवसापासून शिंपी बोलायचा थांबला. जेवायला बसवलं की जेवायचा, ऊठ म्हटलं की उठायचा. त्याच्या हातांत मी होते, म्हणून मला ठाऊक आहे. त्याचे हात पूर्वीसारखेच स्थिर होते, पण आत कुणी नसावं तसे गार होते.

सहाव्या दिवशी ऊन विहिरीवर आलं. पाणक्या उतरला. शिंप्याने कडी सरकवली. एक, दोन, तीन. खट. ती पुढे गेली नाही. पाणक्याने डबा खाली ठेवला आणि डाव्या हाताने उजवी बाही मागे सारली. शिंप्याने श्वास धरला.

पाणक्या खाली बसला. दमलेला माणूस बसतो तसा बसला, मग आडवा झाला. एक डबा कलंडला. मशिनगन कडाडली, खूप वेळ कडाडत राहिली, मग थांबली.

तुम्ही विचाराल, तुला काय वाटलं? मित्रांनो, मला काहीच वाटलं नाही. नळी तापली आणि हळूहळू गार झाली. मी बिनचूक होते हे पुन्हा सिद्ध झालं होतं. इतके दिवस मला तेच हवं होतं. पण बरं वाटायची जी जागा माझ्यात होती, ती त्या सकाळी मला सापडली नाही. पुढेही सापडली नाही.

साहेबांचं बरोबर होतं. त्या विहिरीवर दुसरं कुणी आलं नाही. त्यानंतर तिसऱ्या दिवशी ठाणं रिकामं झालं आणि आमची तुकडी एकही माणूस न गमावता डोंगर चढली. वाटेत विहीर लागली. पाणक्या तिथेच होता. त्याच्या माणसांनी त्याच्या तोंडावर पत्र्याचा एक तुकडा ठेवला होता. त्याहून जास्त करायला त्यांना वेळ मिळाला नव्हता.

साहेबांनी दोघांना खड्डा खणायला सांगितलं. शिंप्याने मला विहिरीच्या कठड्याला टेकवून ठेवलं. मग तो पाणक्याशेजारी मांडी घालून बसला, खिशातून सुईदोऱ्याची डबी काढली आणि कोटाची उजवी बाही आत दुमडून टाके घालू लागला.

साहेब जवळ आले. “काय करतोयस?”

“बाह्या लांब आहेत, साहेब.”

“मग?”

“हात झाकले जातात. दहा मिनिटं द्या.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग पाठ फिरवून ते खड्डा खणणाऱ्यांकडे गेले. स्वतः एक फावडं घेतलं.

शिंप्याने चार बोटं कापड आत घेतलं. टाके बारीक आणि एकसारखे, दुकानात गिऱ्हाईकासाठी घालावेत तसे. उजवी झाली, मग डावी. दोरा दाताने तोडला. पाणक्याचे दोन्ही हात मनगटापासून दिसू लागले. हातांवर डब्याच्या कडीने पडलेले घट्टे होते. शिंप्याने दोन्ही बाह्या हाताने सपाट केल्या, बटणं लावली आणि उठला. दहा मिनिटांपेक्षा थोडा जास्त वेळ लागला.

लढाई संपली तेव्हा शिंप्याने मला काकांकडे जमा केलं. त्याने माझ्या कार्डावर बोट ठेवलं. “काका, ते माशी सैल असल्याचं खोडून टाका. खोटं आहे ते.”

“खोडतो,” काका म्हणाले. “त्या जागी खरं काय लिहू, ते तू सांग.”

शिंप्याने सही केली आणि तो गेला. ते वाक्य कार्डावर तसंच आहे. नंतर काकांच्या ओळखीचा एक शिपाई तळावर आला होता, त्याच्याकडून कळलं की शिंप्याने आपलं दुकान पुन्हा उघडलं. हात अजून तसाच चालतो, म्हणाला. फक्त कोट शिवायला घेत नाही.

पुढची पुष्कळ वर्षं मी चांदमारीच्या मैदानावर काढली. तिथे नवी मुलं-मुली नेमबाजी शिकायची. माझ्यावर हात बसवून एका मुलीने मोठी स्पर्धा जिंकली आणि तिचा माझ्याबरोबरचा फोटो भिंतीवर लागला. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मग हळूहळू माझी नळी आतून झिजली, गोळ्या विखरून पडू लागल्या, आणि मला कोपऱ्यात उभं केलं. दोन पावसाळे मी गळक्या छपराखाली होते. दस्ता फुगला, पट्टी गंजली. कुणी तेल लावलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं, असं मात्र वाटलं.

एके दिवशी मला इथे आणलं. संग्रहालयाच्या बाईंनी गंज काढला, नळी बंद करून घेतली आणि समोर एक चिठ्ठी लावली. तिच्यावर माझं वजन आहे, लांबी आहे, आणि मारा किती मीटरपर्यंत होतो ते आहे. सगळं अचूक आहे. तुम्ही ती वाचता, एकजण मोठ्याने वाचून दाखवतो, आणि तुम्ही पुढच्या कपाटाकडे जाता. म्हणून आज मी तुम्हाला थोडं थांबवलं.

चांदमारीवरचे उस्ताद पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवायचे. माणसाच्या डोळ्याला तीन गोष्टी एकदम स्पष्ट दिसत नाहीत: खाच, माशी आणि समोरचं निशाण. म्हणून नजर माशीवर ठेवायची. माशी लख्ख दिसली पाहिजे. समोरचं धूसर दिसलं तर दिसू द्यायचं. तसंच दिसायला हवं, नाहीतर नेम बिघडतो. एकदा एका मुलीने विचारलं, “उस्ताद, समोर माणूस असला तरी?” उस्ताद म्हणाले, “तरीही.”

ते खरंच आहे. मी ते बदलू शकत नाही. पण नेम धरायच्या आधी एक क्षण असतो. तेव्हा रायफल अजून खांद्याला लागलेली नसते आणि समोरचा स्पष्ट दिसू शकतो. तो उंच आहे की ठेंगणा, त्याचा कोट कुणाचा आहे, तो काय उचलतोय. शिंप्याने तेवढं पाहिलं आणि त्याची फार मोठी किंमत त्याने दिली, आणि आचाऱ्यानेही दिली. न पाहणाऱ्यांना शांत झोप लागली. त्यातलं बरोबर कोण, ते मी इतक्या वर्षांत ठरवू शकले नाही.

तरी मित्रांनो, तुमच्याजवळ माझं एकच मागणं आहे. तुमच्या हातात मोठेपणी काहीही येवो, रायफल, सही करायचं पेन किंवा कुणाचं तरी नशीब ठरवणारा कागद, आधी समोरच्याकडे नीट बघा. मला डोळे नाहीत. माझ्याकडे फक्त एक खाच आहे आणि एक माशी. बघायचं काम तुमचं आहे.